औट घटकेचा राजा किती मिनिटं टिकतो?

चौऱ्याऐंशी. अगदी हिशेबाने. घटका म्हणजे २४ मिनिटं आणि औट म्हणजे साडेतीन. गुणाकार करा: ८४ मिनिटं, म्हणजे एक तास चोवीस मिनिटं. हिंदी सिनेमाचं मध्यंतर होऊन लोक सामोसे घेऊन परततात तोवर राजेसाहेब गादीवरून खाली.

एखाद्या नव्या मंत्र्याला ‘औट घटकेचं राज्य’ म्हणून टोमणा मारताना आज कोणी घड्याळ लावत नाही. आपल्याला तो शब्द नुसता ‘फार थोडा वेळ’ एवढाच वाटतो. पण ज्यांनी तो पहिल्यांदा वापरला, त्यांना आकडा तोंडपाठ होता. मराठीत अशी मापं जागोजागी पडून आहेत. बाजारातून हद्दपार झाली, सरकारने कायद्याने बंद केली, पण बोलण्यातून गेली नाहीत. आणि वरवर ‘थोडंसं’, ‘पुष्कळ’ असा मोघम अर्थ दिसला, तरी जरा खरवडलं की खाली पक्कं कोष्टक निघतं.

चौथा अर्धा

आधी ह्या औटाचाच निकाल लावू. मूळ संस्कृत ‘अर्धचतुर्थ’, म्हणजे ‘चौथा अर्धा’. तीन पूर्ण झाले, चौथ्याचं अर्धंच झालं, म्हणून साडेतीन. प्राकृतात त्याचं ‘अद्धुट्ठ’ झालं आणि मराठीने उरलंसुरलं घासून ‘औट’ केलं. अडीच हा त्याचाच धाकटा भाऊ: ‘अर्धतृतीय’, तिसरा अर्धा. दीडही त्याच घरातला, दुसरा अर्धा. म्हणून तर आपण साडेचार, साडेपाच म्हणतो, पण ‘साडेएक’ आणि ‘साडेदोन’ म्हणणाऱ्या पोराला आजी हसते. त्या दोघांना स्वतःची जुनी नावं आहेत. तिसऱ्याचंही होतं, ते आपण ‘साडेतीन’ म्हणून बदललं.

मोजायची ही तऱ्हा फक्त आपलीच असं वाटत असेल, तर जर्मन माणसाला वेळ विचारा. साडेतीन वाजले असतील तर तो ‘हाल्ब फिअर’ म्हणतो, शब्दशः ‘अर्धे चार’. म्हणजे औटच की! जर्मनीत नव्याने गेलेली मराठी मंडळी ह्या अर्ध्या चाराला साडेचार समजून तासभर उशिरा पोचतात. पणजोबांना बरोबर नेलं असतं तर गोंधळ झाला नसता.

कारण पणजोबांनी शाळेत ‘औटकी’ पाठ केली होती. नुसते पाढे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे अपूर्णांकांचे पाढे. सात पाऊण किती, तेरा औट किती, हे कागद न घेता सांगायचं. वाण्याच्या दुकानात फसायचं नसेल तर दुसरा उपाय नव्हता. ती शाळा गेली, पण अडीचकी मात्र भलत्याच ठिकाणी जिवंत राहिली: ज्योतिषाकडे. ‘साडेसातीची दुसरी अडीचकी चालू आहे’ हे वाक्य अजून ऐकू येतं. शनीला सूर्याभोवती फिरायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशींत वाटली की एका राशीला जवळजवळ अडीच वर्षं येतात आणि तीन राशींची साडेसात. भविष्याचं काय ते ज्याचं त्याने ठरवावं. गणित मात्र बरोबर आहे.

ह्या सगळ्या अपूर्णांकांच्या मुळाशी आहे पाय. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. म्हणून ‘पाद’, त्याचं झालं ‘पाव’. ‘सपाद’ (पावासकट) म्हणजे सव्वा. ‘पादोन’ (पाव कमी) म्हणजे पाऊण. चार आण्यांचं नाणं ते पावली. मिसळीबरोबर येतो तो पाव मात्र ह्या कुळातला नाही. तो पोर्तुगीज ‘पांव’, गोव्याच्या बाजूने आत आला. तो पायाने तुडवतात म्हणून पाव, ही गोष्ट सांगणारे काका प्रत्येक घरात एक असतातच. त्यांना बोलू द्यावं.

भांडं बुडालं की घटका भरली

घटका म्हणजे मुळात वेळ नव्हेच, ती छोटी घागर. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर तरंगत सोडायची. भोकातून पाणी आत येतं, वाटी भरते आणि बुडते. तेवढा वेळ म्हणजे एक घटका. दिवसरात्रीत ती साठ वेळा बुडते. एका घटकेची साठ पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. दोन घटका म्हणजे एक मुहूर्त, ४८ मिनिटांचा. ‘त्याची घटका भरली’ असं आपण म्हणतो तेव्हा बोलतो त्या वाटीबद्दल. मनगटावरच्या घड्याळाच्या नावातही तीच घटी बसलेली आहे.

‘पळभर थांब’ ह्याचा कायदेशीर अर्थ चोवीस सेकंद. ‘घटकाभर बसा’ म्हणणाऱ्या यजमानाने चोवीस मिनिटांनी पाहुण्यांना दार दाखवलं, तर भाषेच्या बाजूने त्याला कोणी दोष देऊ शकणार नाही.

ह्या वाटीची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट भास्कराचार्यांच्या लीलावतीची. मुलीच्या लग्नाचा अचूक मुहूर्त साधायला घटिकापात्र लावलं, ती वाकून बघायला गेली, अंगावरचा मोती सुटून वाटीत पडला, भोक बुजलं आणि मुहूर्त निघून गेला. मग वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला. ही कथा भेटते ती १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने केलेल्या फारसी भाषांतरात, म्हणजे ११५० च्या मूळ ग्रंथानंतर चार शतकांहून उशिरा. तेव्हा मोत्याची हमी देता येत नाही. ग्रंथ मात्र खरा आहे आणि त्याची सुरुवात कशाने होते? कोष्टकांनी. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. आठ यवांचं बोट, चोवीस बोटांचा हात. पुढची गंमत नंतर, आधी मोजायचं काय नि कशाने ते ठरवा, असा सरळ मामला.

विषारी बी आणि उडदाची डाळ

सोनाराचं कोष्टक असं: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे तोळ्यात गुंजा शहाण्णव. गुंज ती रानात वेलीवर लागणारी, लालभडक आणि टोकाला काळा ठिपका असलेली. तिचंच संस्कृत नाव ‘रक्तिका’, म्हणजे लाल बी, आणि त्यावरून ‘रत्ती’. ‘रतीभर’ फरक पडला तर तो एका गुंजेइतका, सुमारे १२० मिलिग्रॅमचा. दिसायला इतकी देखणी बी आतून जहाल विषारी असते. चावून पोटात गेली तर जिवावर बेतते. सोनं तोलायला नेमकी तीच सापडावी, ह्यावर एखाद्या संताने अभंग कसा केला नाही कोण जाणे.

मासा म्हणजे ‘माष’, उडीद. कालवणातला मासा ‘मत्स्य’पासून आला आणि चैत्र-वैशाखातला मास आला चंद्राकडून. तीन मास, तीन घरं, एकमेकांशी ओळखदेखील नाही. चंद्राच्या घरचा मास मात्र मोठ्या खटल्यातला असावा. त्याचा संबंध मोजण्याच्या ‘मा’ धातूशी सांगतात आणि माप, मान, मात्रा, परिमाण, प्रमाण ही सगळी त्याच धातूची लेकरं. ग्रीक ‘मेत्रॉन’ त्यांचा दूरचा चुलत. मेत्रॉनचा फ्रान्समध्ये १७९० च्या दशकात मीटर झाला. म्हणजे रिक्षाचा मीटर आणि वैद्याची मात्रा एकाच खानदानातले, दोन्ही लागू पडले तर पडले.

धान्याच्या नाहीतर झाडाच्या बीने सोनं-हिरे तोलणं जगभर चाललं. ‘कॅरेट’ म्हणजे ग्रीकांच्या भाषेत कॅरोबच्या शेंगेतली बी. ‘ग्रेन’ म्हणजे धान्याचा दाणा. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा पक्का केला तो असे १८० ग्रेन धरून, आजच्या हिशेबात ११.६६ ग्रॅम. पुढे १८३५ पासून कंपनीचा चांदीचा रुपया बरोब्बर तेवढ्याच वजनाचा पाडला. त्यामुळे ज्याच्या खिशात रुपया, त्याच्या खिशात तोळ्याचं वजनही आयतंच. ऐंशी रुपये पारड्यात टाकले की शेर झाला.

आता सराफ बाजारात जा. तिथला ‘तोळा’ दहा ग्रॅमचा. नाव जुनं, माल नवा. आजीच्या चार तोळ्यांच्या पाटल्या ४६ ग्रॅमच्या वर भरतात आणि नातीच्या चार तोळ्यांच्या चाळीसच. ‘पूर्वीचं सोनं भारी होतं’ हे आजीचं म्हणणं नुसतं म्हातारपणाचं कौतुक नाही, तराजू तिच्या बाजूने आहे.

भाजीवाल्याकडे उलटा प्रकार. ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणजे खरा पावशेर २३३ ग्रॅम. आज ‘पावशेर मिरच्या द्या’ म्हटलं की २५० ग्रॅम मिळतात. जुना शब्द वापरा, सतरा ग्रॅम जास्त घ्या.

छटाक, नवटाक आणि गुत्त्याचं गणित

छटाक म्हणजे सहा टांक. नवटाक म्हणजे नऊ टांक. छटाक हा शेराचा सोळावा भाग आणि नवटाक आठवा. इथे हुशार वाचकाला ठेच लागली पाहिजे: आठवा भाग हा सोळाव्याच्या दुप्पट, मग सहाची दुप्पट नऊ कशी? तर छटाक उत्तरेकडून आलं आणि नवटाक मुंबईकडचं. मुंबईचा शेर ७२ टांकांचा, त्याचा आठवा भाग बरोबर नऊ. उत्तरेचं गणित वेगळं. दोन्ही शब्द मराठीत शेजारी-शेजारी राहतात आणि कोणी त्यांचा हिशेब तपासत नाही.

नवटाक पुढे किराणा सोडून गुत्त्यात गेली. देशीची नवटाक, मग पावशेर. गंमत म्हणजे दारूच्या बाटलीवर मिलिलिटर छापून पिढ्या झाल्या, पण पिणाऱ्याच्या तोंडी मुंबईचा ७२ टांकांचा शेर अजून बसलेला आहे.

टांक म्हणजे ‘टंक’, ठसा मारलेलं नाणं. त्यातूनच टांकसाळ निघाली, टका निघाला आणि दहावीच्या निकालात घराघरात गाजणारा टक्का निघाला.

आणि शेर? ‘शेरास सव्वाशेर’ म्हणताना पुष्कळांच्या डोळ्यांपुढे दोन सिंह येतात. येऊ देत, पण भांडण आहे ते वजनांचं. एक ऐंशी तोळे, दुसरा शंभर.

हाक, मूठ आणि चावर

कोस म्हणजे ‘क्रोश’, आरोळी. एका माणसाची हाक जाईल तेवढं अंतर. आक्रोशातला क्रोश तोच. लीलावतीच्या कोष्टकात क्रोश आठ हजार हातांचा, म्हणजे साडेतीन किलोमीटरच्या वर. इतक्या लांब पोचणारी हाक कोणाची असेल, ह्याचा विचार केला की जुन्या लोकांबद्दलचा आदर वाढतो, किंवा कोष्टकाबद्दलचा कमी होतो. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. बारा कोस म्हणजे त्रेचाळीस किलोमीटर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून निघालात तर ठाणं मागे टाकून कल्याणच्या अलीकडे पोचाल. तिथे आगरी बोली कानावर पडतेच. म्हण पास.

‘तसूभरही मागे हटणार नाही’ असं भाषणात गर्जणाऱ्याला तसू म्हणजे काय ते विचारून पाहा. गजाचा चोविसावा भाग. इंचापेक्षा किंचित मोठा. आणि हे काही कोशात धूळ खात पडलेलं माप नाही. त्याला शिवकाळाचा आधार आहे. अण्णाजी दत्तोंच्या हाताखाली जमिनीची मोजणी झाली तेव्हाचं परिमाण सभासद बखरीत दिलेलं आहे. पाच हात आणि पाच मुठींची एक काठी, हात चौदा तसूंचा आणि काठी एकूण ऐंशी तसूंची. करून बघा: पाच हातांचे सत्तर तसू, उरले दहा, म्हणजे मूठ दोन तसूंची. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर.

हात कोणाचा? हा प्रश्न कोणत्याही शेतकऱ्याला पडेल. उंच कारकुनाचा हात आणि बुटक्या पाटलाचा हात ह्यांत सारा बदलतो. म्हणून तर हातात तसू मोजून काठी बांधून द्यायची. अंगाच्या मापाला अंगापासून सोडवायची ही खटपट फ्रान्समध्ये मीटर निघायच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधीची.

इंग्रजांनी काठी ठेवून साखळी आणली. त्यांची साखळी ६६ फुटांची. तिची निम्मी ३३. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि हाच आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. पुण्याच्या आसपास ह्या गुंठ्याने जे केलं ते कुठल्याच मापाने केलं नसेल. त्याने माणसांना पदवी दिली, गुंठामंत्री. सातबाऱ्यावर आता हेक्टर आणि आर असतात, आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. इतकं जवळचं नातं क्वचितच जुळून येतं, त्यामुळे आराचे गुंठे करताना फारसं कोणाचं बिघडत नाही. सव्वा चौरस मीटरसाठी कोर्टात जाणारे भाऊ आहेत म्हणा, पण ते कुठल्याही मापात जातील.

साडीने मात्र मेट्रिक पद्धतीला दारातच उभं केलं. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. तरी नऊवारीला ‘सव्वाआठमीटरी’ म्हणायची छाती कोणाची झाली नाही.

दीडदमडीचा ग्रीक आजोबा

‘दीडदमडीचा माणूस’ ही शिवी अस्सल गावरान वाटते ना? तिचा आजोबा ग्रीक. ग्रीकांचं नाणं द्राख्मा, म्हणजे मूठभर. ते संस्कृतात ‘द्रम्म’ म्हणून आलं. कोकणातल्या शिलाहारांच्या शिलालेखांत ते भेटतं, लीलावतीत तर वर पाहिलंच. द्रम्माचा झाला दाम. दामाची झाली दमडी. सहा दामांचा छदाम. दामदुप्पट तीच, आणि ‘दाम करी काम’ ह्यातला दामही तोच. दुबईला गेलेला मराठी माणूस पगाराचे दिरहम मोजतो तेव्हाही हातात द्राख्माच असतो, अरबी वेषात.

आणे गेले १ एप्रिल १९५७ ला. त्या दिवशी रुपयाचे ६४ पैसे होते ते १०० झाले, आणि त्यांना ‘नवे पैसे’ म्हणायचं ठरलं. पण ‘सोळा आणे खरं’ बोलणारा माणूस अजून ‘शंभर नवे पैसे खरं’ म्हणत नाही. वजनांची पाळी आली १ ऑक्टोबर १९५८ ला, आणि चार वर्षांत शेर, मण कागदोपत्री संपले.

त्यांच्या जागी बाजार समितीत आलं क्विंटल. पाश्चात्त्य, आधुनिक, कोरडं. पण त्याची वंशावळ काढली तर चक्कर येते. लॅटिनमध्ये ‘केंटुम’ म्हणजे शंभर. त्यावरून ‘शंभराचं वजन’ असा शब्द झाला, तो ग्रीकांमार्फत अरबांकडे गेला, तिथे त्याचा ‘किंतार’ झाला, तो पुन्हा युरोपात शिरला आणि क्विंटल होऊन परत आला. आणि लॅटिन केंटुम व संस्कृत शतम् हे सख्खे चुलतभाऊ. ‘कांदा क्विंटलमागे शंभराने उतरला’ असं कोणी लासलगावात म्हणालं तर तो एकाच वाक्यात शंभर दोनदा म्हणून जातो.

मण कोणता विचारता?

मण हा बहुधा सगळ्यांत जास्त फिरलेला शब्द. बॅबिलोनकडे मना, ग्रीकांकडे म्ना, अरबांकडे मन्न. इतका प्रवास केल्यावर अंगाचा आकार बदलणारच. इंग्रजी अमलात बंगालचा मण ३७ किलोंचा, मद्रासचा सव्वाअकरा, मुंबईचा २८ पौंडांचा म्हणजे पावणेतेरा किलो. कोलकात्याच्या मणात मुंबईचे जवळजवळ तीन मण मावत. ‘मणभर ओझं’ हे वाक्य म्हणूनच पत्ता लिहिल्याशिवाय अपुरं आहे.

धान्य मापायची भांडी वेगळी: निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. प्रत्येक पुढचं मागच्याच्या दुप्पट. वर साधारण बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. सामान्य, कुठेही मिळणाऱ्या माणसांना आपण ‘पायलीचे पंधरा आणि अधोलीचे सोळा’ म्हणतो. ह्यातला विनोद अधोली म्हणजे अर्धी पायली हे ठाऊक असेल तरच कळतो. भांडं निम्मं, आणि त्यात माणसं एक जास्त! इतका चपखल अपमान लिटरमध्ये करून दाखवा.

ह्या सगळ्यांत फक्त खंडीने सरकारी हुकूम मनावर घेतला नाही. कापसाच्या व्यापारात आजही रुईचा भाव खंडीवर बोलला जातो, आणि ती खंडी ३५६ किलोंची. आकडा असा अडनिडा का? कारण तो जुना ७८४ पौंडांचा आहे, नुसता किलोत लिहिलेला. इंग्रजांना ‘खंडी’ उच्चारता येईना, त्यांनी तिची ‘कँडी’ केली, आणि व्यापाराच्या इंग्रजीत ती तशीच राहिली. गोळीवाली कँडीही अरबी ‘कंद’मार्गे आपल्याच ‘खंड’ ह्या साखरेवरून गेलेली, आणि खंडीचा उगमही तुकडे करण्याच्या ‘खंड्’ धातूत सांगतात. तेव्हा ‘कॉटन कँडी’ म्हटलं की अमेरिकेतल्या जत्रेत गुलाबी म्हातारीचे केस मिळतात, आणि मुंबईच्या कापूसबाजारात साडेतीनशे किलोंहून जास्त रुई.